बांधाची पलीकडची बाजू

बांध आपण पाहतो तो शेताकडून. ज्या बाजूवर भरतीचे पाणी आपटते, ती खाडीतूनच नीट दिसते. त्यासाठी कयाक ही हलकी, अरुंद, वल्ह्याची होडी सोयीची. ती थोड्या पाण्यात चालते आणि आवाज नसल्यामुळे पाखरे बिचकत नाहीत.

गोव्यातील चोडण बेटाचे उदाहरण घेऊ. मांडवी नदीतील या बेटाच्या पश्चिम टोकावर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. ते १९८८ साली घोषित झाले. आत जाण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी.

झाडे अशी ओळखावी:
१. कांदळ : खोडापासून कमानीसारखी मुळे. बी झाडावरच रुजते.
२. तिवर : चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली श्वासमुळे. जास्तीचे मीठ पानांवाटे बाहेर पडते.
३. मारांडी : काटेरी पाने, निळसर-जांभळी फुले.
४. गेवा किंवा हुरा : याचा पांढरा चीक डोळ्यांना फार घातक. फांदी मोडू नये. चीक डोळ्यात गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने धुवून डॉक्टरकडे जावे.

चिखलावर उड्या मारणारी निवटी, फांदीवर खंड्या, काठाला बगळे आणि नशीब असल्यास पाणमांजर दिसते.

या झाडीचा शेतीशी संबंध काय? बांधाबाहेरची खारफुटी लाटांचा जोर मोडते आणि मुळांनी गाळ धरून ठेवते. जिथे ती नाही, तिथे माती लवकर खचते. खेकड्यांची बिळेही पाहावीत. लहान बिळातून पाणी झिरपू लागले की उधाणात तिथेच भगदाड पडते. खारे पाणी खाजनात शिरले, की पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत भातपीक धोक्यात. म्हणून मे महिन्यातच पाहणी करून मोडकी जागा आणि मानशीची गळती कुळसंघटनेला कळवावी. खारफुटी मात्र तोडू नये. कायद्यानेही तिला संरक्षण आहे.

निघण्याची वेळ : भरती सुरू होताच निघावे. तेव्हा बांधाचा पायथा उघडा असतो आणि होडी रुतली तरी वाढते पाणी तिला उचलते. ओहोटी लागण्यापूर्वी परतावे. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे जाते, हे ध्यानात ठेवावे.

पोहता येत असले तरी लाइफ जॅकेट घालावे, एकट्याने जाऊ नये. पावसाळ्यात होडी काठावरच ठेवावी. कालवांच्या शिंपल्याने पाय कापल्यास जखम साबणाने धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे.