खडूच्या खडकांतील नद्या : इयत्ता सातवीसाठी भूगोलपाठाची टिपणे

हेतु : नदीचे रक्षण तिच्या काठापासून दूर, तिला पाणी पुरविणाऱ्या भूमीत सुरू होते, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे.

प्रस्तावना : शिक्षकांनी खडू हातात धरून पाठास आरंभ करावा. फळ्यावर लिहावयाचे खडू आज बहुधा जिप्समचे असतात. परंतु खडू नावाचा खडकही आहे. तो म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेला, सूक्ष्म जीवांच्या चुनखडी कवचांचा थर होय, हे सांगावे.

विषयप्रतिपादन : हा खडक सच्छिद्र व भेगाळ असतो. दक्षिण इंग्लंडमध्ये तो हिवाळ्यातील पाऊस शोषून घेतो आणि झऱ्यांच्या रूपाने हळूहळू परत देतो. म्हणून तेथील टेस्ट, इचेन, केनेट या नद्यांचे पाणी नितळ असते. झऱ्यापाशी ते उन्हाळ्यात व हिवाळ्यातही सुमारे 10 अंश सेल्सिअस राहते. त्यात पाणवनस्पती फोफावतात व ट्राउट मासे वाढतात. जगात अशा नद्या थोड्या असून त्यांपैकी बहुतेक इंग्लंडात आहेत.

शहरांसाठी खडकातील पाणी फार उपसले की भूजलाची पातळी उतरते व झरे आटतात. सांडपाणी व खते यांतील फॉस्फेटमुळे शेवाळ माजते. शेतातून वाहून आलेली माती तळाच्या वाळूखड्यांत बसते व माशांची अंडी गुदमरतात. उपायही आहेत. स्विंडन शहरास दूरच्या फार्मूर जलाशयातून पाणी आणणारी नळवाहिनी टाकल्यावर, 2017 पासून केनेटकाठचा उपसा पुष्कळ कमी झाला.

प्रयोग : पत्र्याच्या डब्यास एका बाजूस मध्यावर एक व तळाशी एक असे छिद्र पाडावे. खालचे छिद्र मेणाने बुजवावे. डब्यात वाळू भरून पाणी ओतावे. वरच्या छिद्रातून पाणी झिरपू लागेल, हा झरा. आता खालचे छिद्र उघडावे, हा उपसा. थोड्याच वेळात झरा थांबेल, वाळू मात्र ओलीच दिसेल.

प्रश्न : 1. झऱ्यास कोणीही हात लावला नाही, तरी तो का थांबला? 2. आपल्या गावच्या ओढ्यास कोणत्या टेकडीचे पाणी मिळते? 3. त्या टेकडीवरील झाडे, माती व गावातील विहिरी यांचा ओढ्याशी काय संबंध आहे?

सूचना : आपल्याकडील काळा कातळ खडूहून निराळा आहे, तो इतके पाणी साठवीत नाही. म्हणून येथे उपशाविषयी अधिकच जपावे लागते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही. विद्यार्थ्यांस टेकडीवर न्यावे व ते त्यांनाच शोधू द्यावे.