आघाडीवरची सौम्या

हैदराबादेत फुटबॉलची गोष्ट निघाली की वडीलधारी मंडळी प्रथम सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव घेतात, आणि ते यथार्थच आहे. रहीमसाहेब मूळचे शाळामास्तर. (आम्हां शिक्षकांस याचा थोडा अभिमान वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी.) त्यांच्या शिकवणीत तयार झालेल्या हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० पासून १९५४ पर्यंत ओळीने पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. १९६२ साली जकार्ता येथे त्यांच्याच संघाने दक्षिण कोरियास २-१ असे हरवून आशियाई सुवर्णपदक मिळविले. परंतु या साऱ्या कथेत मुलीचे नाव कोठे येत नाही. मैदान मुलांचे, मुलींनी कडेला उभे राहून पाहावे, अशीच ती वहिवाट होती. म्हणून सौम्या गुगुलोथ हिची हकीकत आम्ही येथे देत आहो.

सौम्या २००१ साली जन्मली. तिचे गाव किसाननगर तांडा. ते निजामाबाद जिल्ह्यात, म्हणजे आपल्या नांदेडच्या शेजारीच आहे. तांडा म्हटल्यावर ती वस्ती बंजारा समाजाची, हे सांगणे नलगे. मुलगी प्रथम धावण्यात चपळ होती. तो वेग एका प्रशिक्षकाच्या नजरेस पडला आणि तिच्या पायाशी चेंडू आला. आमच्या मते येथेच तिचे नशीब फिरले. वेगवान मुली गावोगावी असतात. पाहणारा डोळा आणि खेळावयास जागा, ही दोन्ही एकत्र क्वचित् मिळतात.

नुसत्या वेगाने मात्र आघाडीची खेळाडू होत नाही. ऑफसाइडचा नियम पाहा. प्रतिपक्षाच्या अर्ध्या मैदानात सोबतीण चेंडू पुढे देते त्या क्षणी, आपण चेंडूच्या पुढे आणि प्रतिपक्षाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असलो, व तेथून खेळात भाग घेतला, तर पंच शिट्टी वाजवितो. शेवटची सहसा गोलरक्षकच असते. तेव्हा आघाडीच्या खेळाडूने बचावाच्या ओळीत दबा धरून थांबावयाचे आणि चेंडू सुटताच झेपावयाचे. क्षणभर आधी निघाली तर श्रम व्यर्थ, क्षणभर उशीर झाला तर चेंडू दुसरीचा. फळ्यावर खडूने दोन रेघा मारून आम्ही हे वर्गात समजाविले, तेव्हा मुलांपेक्षा मुलींनीच अधिक प्रश्न विचारले.

पुढे सौम्या मुंबईच्या केंकरे क्लबकडून आणि नंतर केरळच्या गोकुळम संघाकडून खेळली. २०२२ साली क्रोएशियाची राजधानी झाग्रेब येथील डायनॅमो क्लबाने तिच्याशी व ज्योती चौहानशी करार केला. तांड्यातून युरोपात जाणे म्हणजे भाषा, अन्न, थंडी, सारेच परके! तेथून परतल्यावर ती पुन्हा गोकुळममध्ये व पुढे कलकत्त्याच्या ईस्ट बंगालमध्ये आली, आणि २०२४-२५ च्या हंगामात त्या संघाने भारतीय महिला लीग जिंकली.

२०२५ च्या जून-जुलै महिन्यांत थायलंडमधील चिआंग माई येथे आशियाई करंडकाचे पात्रता सामने झाले. मंगोलियाविरुद्ध भारताने १३ गोल केले. त्यांत दोन सौम्याचे. ५ जुलै रोजी यजमान थायलंडवर २-१ असा विजय मिळाला. ते दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी जिंकून या स्पर्धेत जाण्याची भारतीय महिलांची ती पहिलीच वेळ.

हे सांगून झाल्यावर आम्ही नववीच्या वर्गात विचारले, "मुलींनो, फुटबॉलला पाय लावलेल्या किती जणी आहात?" पाच हात वर झाले. सातवीत हाच प्रश्न केला तर एकवीस. या दोन इयत्तांच्या मध्ये काय घडते, हे पालकांस आमच्याहून अधिक ठाऊक असावे. मुलींना आठवड्यास मैदानाचा एकच तास आहे. येत्या जूनपासून दुसरा मिळावा, असा अर्ज आम्ही मुख्याध्यापकांकडे दिला आहे.