काळा किल्ला : मुंबईच्या वेशीवरचा एक छोटा पहारेकरी

किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रायगड किंवा सिंधुदुर्ग उभा राहतो. आपण खानदेशातले, त्यामुळे फार तर लळिंग, पारोळा, थाळनेर. पण आज ज्या वास्तूची ओळख करून द्यायची आहे, ती इतकी लहान आहे की धारावीत तिच्या शेजारून जाणाऱ्यालाही ती दिसत नाही. तिचं नाव रिवा किल्ला, लोकांच्या तोंडी 'काळा किल्ला'. बेस्टच्या बस आगारालाही हेच नाव आहे. किल्ला म्हणतात खरं, पण हा मुळात मिठी नदीच्या खाडीवरचा टेहळणी बुरूज.

पार्श्वभूमी

१६६१ च्या विवाह-करारात पोर्तुगीजांनी मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला दिलं. १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला फक्त १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. मात्र खाडीपलीकडची साष्टी, म्हणजे वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतचा मुलूख, पोर्तुगीजांकडेच राहिला. म्हणजे मिठीची खाडी ही दोन राज्यांमधली सरहद्द झाली. वांद्र्याच्या टोकावर पोर्तुगीजांचा १६४० चा बुरूज होता, तर इकडे माहीम, शीव, शिवडी, वरळी अशी इंग्रजांची ठाणी. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने शिवडीकडून शिरून मुंबईला वेढा घातला, तेव्हा पहारा ढिला ठेवल्याची किंमत कंपनीला चांगलीच कळली.

बुरूज कोणी बांधला?

बरेच जण सांगतात की गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरने. पण ऑन्जियर १६७७ मध्येच वारला आणि बुरुजावरच्या शिलालेखात गव्हर्नर जॉन हॉर्नचं नाव आणि १७३७ हे साल कोरलेलं आहे. साठ वर्षांचा फरक! ऐकीव माहिती आणि दगडावरचा लेख यांत निवड करायची वेळ आली, तर आधी दगडाचं ऐकावं. इतिहासातला हा पहिला धडा आहे आणि आपल्या लॅबच्या रीडिंगलाही तो लागू पडतो.

१७३७ हेच साल का? त्याच वर्षी मार्चमध्ये मराठ्यांनी ठाणे घेतलं आणि बघता बघता साष्टी त्यांच्या ताब्यात गेली. खाडीपलीकडचा शेजारी बदलला! दुबळ्या पोर्तुगीजांच्या जागी आता चिमाजी अप्पांची फौज होती. मे १७३९ मध्ये वसईही पडली. मराठ्यांना उपयोग होऊ नये म्हणून इंग्रजांनी त्याच साली पोर्तुगीजांच्या संमतीने वांद्र्याचा बुरूज सुरुंग लावून उडवला. दोन वर्षांत खाडीच्या एका काठावर बुरूज उभा राहिला आणि दुसऱ्या काठावरचा पाडला गेला, दोन्ही एकाच भीतीपोटी. मग जुलै १७३९ मध्ये कॅप्टन इंचबर्डने मराठ्यांशी तह केला. तोफेपेक्षा कागद स्वस्त पडला.

थोडं गणित

बुरूज उंच का लागतो? पृथ्वी गोल असल्यामुळे क्षितिजाचं अंतर (किलोमीटरमध्ये) साधारण ३.५७ गुणिले उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ एवढं येतं. जमिनीवर उभ्या माणसाला ४.६ किमीपर्यंत दिसतं, डोळा १० मीटरवर नेला की ११.३ किमी. समोरच्या जहाजाची डोलकाठी २० मीटर असेल तर तिचे १६ किमी मिळवा, म्हणजे टोक २७ किमीवरून दिसेल. होस्टेलच्या गच्चीवर जाऊन हा हिशेब स्वतः करून बघा. खाडीवर मात्र एवढं लांबचं बघायची गरज नव्हती. तिथे ओहोटीला उतार कुठे पडतो, रात्री कुठली होडी सुटते, यावर नजर हवी होती. म्हणून जागा काठालगतची निवडली.

काम संपलं, दगड राहिला

डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे जिंकलं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. सरहद्दच पुसली गेल्यावर पहारा कशावर ठेवणार? उण्यापुऱ्या ४५ वर्षांत बुरूज बेकार झाला. पुढे १८४५ मध्ये माहीम-वांद्रे रस्ता खाडीवरून गेला, दलदलीत भराव पडत गेले आणि पाण्यावर नजर ठेवणारा बुरूज घरांच्या गर्दीत उभा राहिला. त्याला दोष कुणाला द्यायचा? पोटासाठी शहरात आलेल्या माणसाला आधी डोक्यावर छप्पर लागतं, शिलालेख नंतर.

आपण काय करू शकतो?

हा बुरूज काळ्या बेसॉल्टचा आहे, म्हणजे आपल्याकडे पायाखाली आहे तोच दगड. आणि दुर्लक्षही तेच! आपल्यातल्या कितीतरी जणांच्या गावात पडकी गढी असते. दरवर्षी पावसाळ्यात तिचा एखादा कोपरा ढासळतो, माती घरबांधणीला जाते आणि दगड बांधावर. आपण सिव्हिलवाले सर्व्हे कॅम्पमध्ये कॉलेजचंच मैदान पुन्हा पुन्हा मोजतो. त्याऐवजी एका सुट्टीत गावच्या गढीचा प्लॅन काढला, भिंतींची जाडी मोजली, शिलालेख असेल तर सरळ आणि तिरप्या उजेडात त्याचे फोटो घेतले, तर काय हरकत आहे? खर्च एका टेपचा आणि दोन दिवसांचा. काळ्या किल्ल्याचं साल आपल्याला कळलं, कारण दगड अजून जागेवर आहे. आपल्या गढीचा दगड उद्या जागेवर असेलच असं नाही. तेव्हा या दिवाळीत घरी जाताना बॅगेत फराळाच्या डब्याला जागा ठेवालच, सोबत एक टेपही टाका.