राजकन्या : बाजारातील आणि राजवाड्यातील

जून महिना उजाडला आणि शाळा उघडावयाची वेळ आली, की रत्नागिरीच्या बाजारात दप्तरे, छत्र्या आणि पाण्याच्या बाटल्या यांची रास लागते. त्यांतील कित्येकांवर एखाद्या राजकन्येचे चित्र असते. अंगात पायघोळ झगा, मस्तकी लहानसा मुकुट, मोठे डोळे आणि ओठांवर कधी न मावळणारे हसू! तिचे नावगाव आईबापांस ठाऊक नसले, तरी लहान मुलींस ते पाठ असते. हे चित्र सातासमुद्रांपलीकडून येथवर आले कसे, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. शिवाय याच गावी एके काळी चार खऱ्या राजकन्या राहत होत्या. त्यांची चित्रे मात्र कोणाच्या दप्तरावर दिसत नाहीत.

चित्रातील राजकन्येची हकीकत १९३७ सालापासून सांगावी लागते. त्या वर्षी अमेरिकेत वॉल्ट डिझ्नी यांनी हिमगौरी आणि सात बुटके यांच्या गोष्टीवर, हातांनी काढलेल्या चित्रांचा एक पूर्ण लांबीचा चित्रपट लोकांपुढे आणला. पडद्यावर चित्र हलताना दिसावे, तर दर सेकंदास २४ चौकटी डोळ्यांपुढून जाव्या लागतात. हा चित्रपट ८३ मिनिटांचा. म्हणजे चौकटींची संख्या १ लाख २० हजारांच्या घरात गेली. कागदावरील रेखाचित्र पारदर्शक तावावर शाईने गिरवावयाचे आणि मग त्या तावाच्या पाठीमागून रंग भरावयाचा, असा क्रम होता. हे डोळे शिणविणारे काम मुख्यत्वे तरुण स्त्रियांनी केले. हिमगौरीच्या केसांचा काळा रंग आणि ओठांचा तांबडा रंग त्यांच्याच हातचा. परंतु चित्रपटाच्या नामावलीत त्यांची नावे आली नाहीत.

वास्तविक हिमगौरीची गोष्ट डिझ्नी यांची नव्हे. जर्मनीतील ग्रिम बंधूंनी ती १८१२ साली छापली, आणि त्याही आधीपासून ती लोकांच्या तोंडी होती. अशी गोष्ट कोणीही सांगावी. तिला धनी नसतो. पण पिवळा झगा, निळी चोळी आणि केसांत तांबडी फीत असलेली ती विशिष्ट हिमगौरी मात्र कंपनीच्या मालकीची आहे. ते चित्र डब्यावर वा दप्तरावर छापावयाचे झाल्यास कारखानदाराने कंपनीची अनुज्ञा घ्यावी लागते, आणि मालाच्या विक्रीतून ठरलेला हिस्सा तिला द्यावा लागतो. चित्रपट दीड तासात संपतो; दप्तर वर्षभर पाठीवर असते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने दोहोंत दप्तरच अधिक टिकाऊ म्हणावयाचे!

२००० सालच्या सुमारास कंपनीने आणखी एक युक्ती योजली. हिमगौरी, सिंड्रेला, जलपरी अशा निरनिराळ्या चित्रपटांतील नायिका तिने एकाच नावाखाली एकत्र आणल्या आणि त्यांच्या बाहुल्या, पोशाख व शालेय वस्तू यांचा मोठा व्यापार मांडला. त्या वेळी एक चमत्कारिक दंडक घालण्यात आला होता. या राजकन्या एकाच चित्रात शेजारी शेजारी उभ्या असल्या, तरी त्यांनी एकमेकींकडे पाहावयाचे नाही! प्रत्येकीची गोष्ट वेगळी. तेव्हा शेजारी दुसरी कोणी आहे, हे जणू तिच्या गावीही नाही.

रत्नागिरीच्या राजकन्यांचे याच्या अगदी उलट होते. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, थिबा राजास पदच्युत करून हद्दपार केले. मद्रासेत काही महिने काढून हे राजकुटुंब १८८६ साली रत्नागिरीस आले. राजाच्या चार मुलींपैकी थोरल्या दोघी ब्रह्मदेशात जन्मल्या होत्या, तिसरी मद्रासेस जन्मली आणि धाकटी येथेच. पहाऱ्यात वाढणाऱ्या त्या चौघींस एकमेकींखेरीज खरी सोबत नव्हती. सरकारी तनखा खर्चास पुरेना, तेव्हा राजाने बरोबर आणलेले जडजवाहीर विकावयास काढले. चित्रातील राजकन्येच्या वस्तू बाजारातून घरोघरी जातात. या राजकन्यांच्या घरातील वस्तू बाजारात गेल्या.

आज जो थिबा राजवाडा प्रवासी पाहावयास जातात, त्यात राजकन्यांचे बालपण गेले, असे मात्र समजू नये. तो वाडा १९१० साली पुरा झाला. तोवर धाकटी राजकन्याही विशी ओलांडून गेली होती. परीकथेत अशा वेळी राजपुत्र येतो. येथे तो यावा कोठून? राजास जावई राजरक्ताचाच हवा होता, आणि हद्दपार राजाच्या दारी तसा कोणी आला नाही. थोरल्या राजकन्येचे मन दारावरील पहारेकरी गोपाळ सावंत यांच्यावर जडले. त्यांचे लग्न आधीच झालेले होते. १९०६ साली या दोघांस मुलगी झाली. तिचे नाव टूटू.

१९१६ साली थिबा राजा रत्नागिरीतच वारला आणि १९१९ साली त्याचे कुटुंब ब्रह्मदेशास परतले. थोरली राजकन्या मात्र फिरून रत्नागिरीस आली, आणि १९४७ साली तिने येथेच देह ठेवला. तिची टूटू पवारांच्या घरात सून म्हणून गेली. तिने मराठी बोलत, गरिबीत आणि कष्टात संसार केला. थिबा राजाची ही नात २००० साली रत्नागिरीस वारली. तिकडे अमेरिकेत पडद्यावरील राजकन्यांस एका नावाखाली एकत्र आणण्याची जुळवाजुळव चालली होती, ते हेच दिवस.