उधळ्या नावाचा घोडा

'घोडामैदान जवळच आहे' असे गुरुजी परीक्षेच्या वेळी म्हणतात. मुंबईला महालक्ष्मी येथे खरोखरीचे घोडामैदान आहे. हिवाळ्यात तेथे शर्यती चालतात आणि बहुधा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी 'इंडियन डर्बी' ही मानाची शर्यत होते. ती १९४३ साली सुरू झाली. पहिल्याच वर्षी प्रिन्सेस ब्युटिफुल ही घोडी जिंकली. मुलींनी हे ध्यानात ठेवावे!

आपल्याकडच्या शंकरपटात बैलजोडी सरळ धावते आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत निकाल लागतो. डर्बीचे अंतर २४०० मीटर, म्हणजे २०० मीटरच्या मैदानाला बारा फेऱ्या! चांगला घोडा हे अंतर सुमारे अडीच मिनिटांत तोडतो. आता गणित करा. २४०० भागिले १५० सेकंद, म्हणजे सेकंदाला १६ मीटर. तासाला झाले जवळजवळ ५८ किलोमीटर! पण सुरुवातीलाच सगळा दम खर्च केला, तर शेवटच्या ४०० मीटरला पाय जड होतात. म्हणून स्वार लगाम धरून दम राखतो.

हे घोडे थरोब्रेड जातीचे. वजन पाचशे किलोच्या आसपास, पाय मात्र काटकुळे. भरधाव पळताना एक क्षण असा येतो की सारा भार एकाच पायावर असतो. तो मोडला, तर घोडा बहुधा वाचत नाही.

डर्बीत फक्त चार वर्षांचे घोडे घेतात, म्हणून ही संधी जन्मात एकदाच. या घोड्यांचे वय १ जानेवारीपासून मोजतात, मग जन्म मार्चचा का असेना. आपल्या आजोबांच्या दाखल्यावर १ जून असतो ना, तसेच!

१९७७ साली ही डर्बी स्क्वाँडरर नावाच्या घोड्याने जिंकली. या इंग्रजी शब्दाचा अर्थ उधळ्या. आपल्याकडे पैसाही उधळतात आणि घोडाही उधळतो, पण हा घोडा दोन्ही अर्थांनी उधळ्या नव्हता. त्याला तयार केले रशीद बैरामजी यांनी. त्याचे नावाजलेले स्वार होते वसंत शिंदे. (पालकांनी गैरसमज करून घेऊ नये, हे सिनेमातले वसंत शिंदे नव्हेत.) स्वार फार हलका असला, तर ठरलेले वजन भरायला खोगिरात शिशाचे तुकडे घालतात. घोडीला दीड किलोची सूट मिळते.

शर्यतीवर लोक पैसे लावतात, हेही सांगितले पाहिजे. त्यापायी कित्येकांचे संसार धुळीला मिळाले. माझ्या मते खरे उधळे ते. घोड्याला त्यातले काय ठाऊक?

डर्बीनंतर हंगामाच्या शेवटी आणखी एक कसोटी असते, इन्व्हिटेशन कप. १९६३ पासून तो मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा शहरांत पाळीपाळीने होत आला. आपण खेळात केंद्रातून तालुक्याला आणि तालुक्यातून जिल्ह्याला जातो ना, तसे गावोगावचे पहिले नंबर तेथे एकत्र येतात. आपल्या मैदानावर वाघ असलेला तेथे मागे पडू शकतो. अंतर तेच, २४०० मीटर. १९७७ चा हा कपही स्क्वाँडररनेच नेला. तो एकूण १९ शर्यती धावला आणि त्यांतल्या १८ जिंकला.