‘खरं बोलतोस, मग घाबरतोस कशाला?’

या एका वाक्यावर मी सही करून मोकळा झालो. पोलीस साहेबांनी पुढे सरकवलेला कागद धड वाचलासुद्धा नाही. गोदामातला माल चोरीला गेला होता. चाव्या चौघांकडे, संशय मात्र माझ्यावर. पॉलिग्राफ चाचणी झाली की सुटलो, एवढंच डोक्यात.

तारीख कळली आदल्या संध्याकाळी, फोनवर. रातोरात एसटी पकडली. खिडकीची काच बसत नव्हती, दमा उसळला, पहाटे दोनदा पंप ओढला. सकाळी प्रयोगशाळेत मॅडमनी विचारलं, ‘झोप किती झाली? औषध काय घेतलंत?’ खरं ते सांगितलं. छातीला बांधायचे पट्टे टेबलावरच राहिले. त्या म्हणाल्या, ‘हे यंत्र खोटं पकडत नाही. श्वास, नाडी, रक्तदाब आणि बोटांचा घाम मोजतं. तुमचा श्वासच आज ठिकाणावर नाही.’ मग कागद उलटून पाहिले. ‘संमती कुठल्या कोर्टात दिलीत?’

मी तर कोर्टाची पायरीही चढलो नव्हतो!

बाहेर साहेब सगळ्यांसमोर ओरडले, ‘नाटकं करतोय.’ मी परतायच्या आत दुकानात बातमी, ‘टेस्टला घाबरून पळाला.’ हे शब्द मी विसरणार नाही.

वकील नंतर गाठला, तो आधी गाठायला हवा होता. सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2010 रोजी सेल्वी खटल्यात स्पष्ट सांगितलंय की जबरदस्तीने ही चाचणी करता येत नाही. मानवाधिकार आयोगाची 2000 सालची मार्गदर्शक तत्त्वंही पाळायची आहेत. संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, वकील बरोबर असताना द्यायची. चाचणीचा निकाल एकटा पुरावा ठरत नाही. पण तुमच्या बोलण्यावरून एखादी वस्तू सापडली तर ती पुराव्यात येऊ शकते. म्हणून ‘हो’ म्हणण्याआधी वकिलाशी नीट बोला.

तारीख लेखी मागा. लांबून जायचं तर आदल्या दिवशी मुक्कामाला जा. दम्याची, बीपीची औषधं मनाने बंद करू नका; चिठ्ठी सोबत न्या आणि आधीच सांगा. ताप-खोकला असेल तर पुढची तारीख मागा, लाजू नका. चाचणीचे प्रश्न आधी वाचून दाखवतात. एखादा शब्द कळला नाही तर तिथेच विचारा. पोटभर जेवा, शांत राहा. प्रत्येक कागदाची प्रत घ्या.

दुसऱ्या वेळी हे सगळं केलं. चाचणी नीट पार पडली. माल पुढे दुसऱ्याच्याच खोलीत मिळाला. मालकांकडे माझा दोन महिन्यांचा पगार मात्र अजून अडकलाय.