नळीवरची भोकं आणि कमरेचं पिस्तूल

सौंसर-पांढुर्ण्याकडचा संत्र्याचा व्यापारी पिस्तुलाचा परवाना कशाला मागतो, हे समजून घ्यायचं असेल तर आंबिया बहाराच्या तोडणीच्या दिवसांत आमच्यासोबत एक फेरी मारावी. बाग उभीच घेतलेली, शेतकऱ्याला इसार दिलेला, उरलेली रक्कम तोडणीच्या वेळी द्यायची. टोळीची मजुरी संध्याकाळी रोख, ट्रकवाल्याला डिझेलपुरते रोख. बागेतून निघेपर्यंत अंधार पडतो आणि पुढे सुनसान रस्ता. अशा पैशासोबत मी बरीच वर्षं हिंडलो, कमरेला ०.३२ बोअरचं पिस्तूल लावून. रेंजवरचा सराव सोडला तर ते कधी बाहेर काढावं लागलं नाही, आणि याला मी पिस्तुलाचं यश मानतो.

आता माझ्या पांढुर्ण्याच्या भाच्याचा परवाना झाला आहे. तोही याच धंद्यात. घरी आला तो मोबाइल पुढे करतच.

"मामाजी, हे पाहा. छोटंसं हाये, वरून भोकं हायेत. झटकाच नाई लागत याले."

मोबाइलवर अमेरिकेतलं एक पोर्टेड पिस्तूल होतं. या प्रकारात नळीच्या पुढच्या टोकाला वरच्या अंगाने भोकं किंवा खाचा पाडतात आणि त्यांच्यावर येणारी स्लाइडही तेवढी कापतात. गोळी पुढे सरकताना तिच्या मागचा तापलेला वायू त्या भोकांतून वर उसळतो आणि नळीचं तोंड खाली दाबतो. त्यामुळे गोळी सुटल्यावर पिस्तूल कमी उसळतं, नेम लवकर जागेवर येतो आणि दुसरी गोळी लवकर झाडता येते. ग्लॉक कंपनीच्या १९सी मॉडेलमध्ये हीच युक्ती आहे, स्मिथ अँड वेसनच्या छोट्या शील्ड पिस्तुलांतही ती मिळते. छोटं पिस्तूल हलकं असतं, म्हणून जास्त उसळतं, म्हणून त्याला भोकं. विचार चुकीचा नाही.

पण भोकांतून निघालेला वायू जातो कुठे, हे त्या व्हिडिओत कोणी दाखवत नाही. मी ते टेक्सासात पाहिलं आहे. पुतण्या तिकडेच स्थायिक आहे, तिथला नागरिक आहे. तो मला एका उघड्या रेंजवर घेऊन गेला होता. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाने शस्त्र हाताळणं तिथल्या कायद्यात बसत नाही, म्हणून मी चष्मा आणि कानावर मफ लावून मागे उभा. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी पुतण्याच्या पोर्टेड पिस्तुलाच्या वर, वीतभर अंतरावर, पांढरा पुठ्ठा आडवा बांधला आणि एकच गोळी झाडायला सांगितली. पुठ्ठा खाली उतरवला तर मधोमध काजळीचा डाग आणि भोवती काळे ठिपके, काही ठिपके पुठ्ठ्यात रुतलेले. बाईंनी तो पुठ्ठा कोपर बरगडीला टेकवून स्वतःच्या हनुवटीखाली धरला आणि काही बोलल्या नाहीत. अंगाशी आलेल्या माणसावर पिस्तूल रोखायचं झालं तर हात असाच अंगालगत असतो, आणि मग ते ठिपके आपल्या डोळ्यांकडे येतात. आवाजही बाजूच्या साध्या पिस्तुलापेक्षा कानाला जास्त टोचत होता. दिवस मावळल्यावर पुतण्याने आणखी काही गोळ्या झाडल्या, तेव्हा नेमाच्या काट्यापुढे जाळाची जीभ दिसली. आमच्याकडे वाटमारी काही भर दुपारी होत नाही.

खेळाच्या मैदानात, हात पुढे ताणून, चष्मा लावून, एकामागून एक गोळ्या झाडायच्या असतील तर पोर्टेड पिस्तूल चांगलं. शर्टाखाली लावायला मी ते घेणार नाही.

शिवाय व्हिडिओतलं ते पिस्तूल ९ मिमीचं, आणि ९ मिमी आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे. सामान्य परवान्यावर बहुतेकांच्या हाती येतं ते ०.३२. त्याची गोळी साडेचार ग्रॅमच्या आसपास, ९ मिमीची साडेसात-आठ ग्रॅमची, आणि दाबही ०.३२मध्ये बराच कमी. वर उसळायला वायूच थोडा, मग भोकांनी दाबायचं काय? ०.३२चा झटका आधीच इतका सौम्य आहे की तो कमी करायला भोकं पाडणं म्हणजे निवलेल्या चहावर फुंकर घालणं. उलट भोकांभोवती काजळी धरते, आणि तांब्याचं कवच नसलेली शिशाची गोळी वापरली तर तिचे कण खरवडून निघतात.

यावर भाच्याने विचारलं, "मंग आपल्या लेथवाल्याकडून पाडून घेऊ का छेदं?" तो गमतीने बोलत नव्हता. त्याला सांगितलं तेच इथे सांगतो. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे शस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात फेरफार करायलाही वेगळा परवाना लागतो, आणि तो लेथवाल्याकडे नसतो. दुसरं म्हणजे, नळी कारखान्यात जास्त दाबाचं काडतूस झाडून तपासलेली असते आणि त्याचा शिक्का तिच्यावर असतो. भोक पाडलं की त्या तपासणीला अर्थ उरत नाही.

मग पाहायचं काय? मी आधी उन्हाळा पाहतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, अंगावर पातळ पांढरा शर्ट असतो आणि घामाने तो पाठीला चिकटतो. त्यात पिस्तुलाचा दस्ता टेंभुर्णीच्या गाठीसारखा उठून दिसतो. लपवण्याच्या दृष्टीने नळीच्या लांबीपेक्षा दस्त्याची उंची जास्त नडते, कारण नळी पँटच्या आत जाते आणि दस्ता बाहेर राहतो. घामाने काळ्या पॉलिशच्या पोलादावर रात्रीत तांबेरा येतो. वजनाचं म्हणाल तर २०१४मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर काढलं. ०.३२ बोअर, सहा गोळ्या, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन अर्धा किलो. पोलादी पिस्तुलं बहुतेक त्याहून जड. दोनशे ग्रॅमचा हा फरक दुकानाच्या काउंटरवर कळत नाही, मोटारसायकलवर पांढुर्ण्याहून सौंसरला आल्यावर कळतो.

म्हणून भाच्याला पिस्तुलाआधी होल्स्टर आणायला लावलं. चाप पूर्ण झाकणारं, पट्ट्याला घट्ट बसणारं. त्यात पाऊण किलोचं वजन भरून नेहमीसारखं हिंड म्हटलं. गाडी चालव, बागेत वाक, पंगतीत मांडी घालून जेव. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला, "मामाजी, हे तर पँटच खाली ओढते." त्याने जाड पट्टा घेतला. नाडीत किंवा नुसतं कमरेला खोचून पिस्तूल बाळगणारे लोक मी लग्नांतून पाहिले आहेत. अशा माणसाशेजारी मी जेवायला बसत नाही. जुन्या विलायती पिस्तुलांचं आपल्याकडे फार कौतुक. आयात बंद झाल्यापासून त्यांच्या किमतीही अवाच्या सवा चढल्या आहेत. पण त्यांतली कितीतरी मॉडेलं अशी की नळीत गोळी असताना पडली तर उडू शकतात. जुनं घ्यायचं तर परवानाधारक कारागिराला उघडून दाखवल्याशिवाय इसार देऊ नका.

या सगळ्याहून आमच्या भागात जास्त नडते ती हद्द. बाजार नागपूरचा, सोयरीक वरूड-नरखेडची, आणि परवाना मध्य प्रदेशाचा. आमच्याकडच्या एका व्यापाऱ्याची गोष्ट सांगतो. २०२४च्या नोव्हेंबरात तो वरूडकडे लग्नाला निघाला. कमरेला पिस्तूल, खिशात परवाना, सगळं नियमात असल्याच्या भरवशावर. तिकडे विधानसभेची आचारसंहिता सुरू होती, नाक्यावर तपासणी झाली. परवान्यावर क्षेत्राच्या रकान्यात फक्त मध्य प्रदेश लिहिलेलं. पिस्तूल जप्त, गुन्हा दाखल. वरात त्याच्याशिवाय लागली आणि तो अजून तारखांना जातो आहे. तेव्हा परवाना हातात पडला की आधी तो रकाना वाचा. नळी साधी की भोकांची, हे नाक्यावर कोणी विचारत नाही.

निवडणुकीत शस्त्र ठाण्यात जमा करायची सूचना येते, तेव्हा क्रमांक लिहिलेली पावती घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीवर पांढुर्णा-सावरगावची गोटमार, म्हणजे दगडफेक, असते, त्या वेळी प्रतिबंधात्मक आदेश लागतात. पिस्तूल घरी कुलपात ठेवा आणि गोळ्या दुसऱ्या कुलपात. वरातीत हवेत गोळी झाडायची हौस असेल तर २०१९च्या दुरुस्तीपासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही.

आणि झाडायचं कधी? भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाची आहेत. त्यांचा गाभा असा की बचावाला लागेल तेवढीच इजा करायची. पैशाची पिशवी घेऊन पळत सुटलेल्या पोराच्या पाठीत गोळी घातली तर ती कोर्टात बचाव म्हणून उभी करणं फार अवघड. वकिलाची फी पिशवीतल्या रकमेपेक्षा जास्त होते, हे वेगळंच.

भाच्याला मी आणखी एक काम लावलं होतं, पिशवी हलकी करायचं. टोळीच्या मुकादमाचं बँकेत खातं निघालं, ट्रकवाले मोबाइलवर पैसे घेऊ लागले. आता तोडणीच्या दिवशी त्याच्याकडे पूर्वीच्या निम्मीही रोख नसते. पिस्तूल त्याने साध्या नळीचं ०.३२ पसंत केलं आहे, पण अजून उचललेलं नाही. २०२३मध्ये पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून ही कामं छिंदवाड्याऐवजी गावातच होतात, तेव्हा परवान्याचं क्षेत्र वाढवण्याचा अर्ज त्याने कलेक्टर कार्यालयात दिला आहे. तो निकाली निघेपर्यंत पिस्तूल दुकानातच राहील, असं त्याचं त्यानेच ठरवलं.